सकाळचा निळा धूर आणि महिन्याला एक लिटर ऑइल: इंजिन उघडायचं का?

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. गाडी पेट्रोल, १६ वर्षं जुनी, चार सिलेंडर, टर्बो नाही, १ लाख ८० हजार किलोमीटर चाललेली. दर साडेआठशे किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल टाकावं लागतं, महिन्याचं रनिंगही जवळपास तेवढंच, म्हणजे महिन्याला एक लिटर. सकाळी स्टार्ट केली की मागून निळा धूर भपकन येतो आणि मिनिटभरात बंद होतो, दिवसभर मग काही दिसत नाही. गाडी उभी असते तिथे खाली ऑइलचा एक थेंब नाही. एक मेकॅनिक म्हणाला इंजिन काम करावं लागेल, दुसरा म्हणाला जाड ऑइल टाका काही होत नाही, भाऊ म्हणतो विकून मोकळा हो. आईच्या ट्रीटमेंटसाठी आठवड्यातून दोनदा लांब जावं लागतं, अजून दोन-तीन वर्षं तरी हीच गाडी चालवायची आहे. आणि शेवटची ओळ, "रस्त्यात आई बसलेली असताना इंजिन बसलं तर काय करू, या विचारानं झोप लागत नाही."

तर दादा, आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. गाडी ऑइल खाते म्हणून एका दिवसात इंजिन बसत नाही. इंजिन बसतं ते आतलं ऑइल संपत आलंय हे कुणी बघितलं नाही म्हणून. आणि इथे एक गैरसमज फार लोकांचा असतो, की ऑइल कमी झालं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागेलच. जुन्या बऱ्याच गाड्यांमधला तो दिवा ऑइलच्या लेव्हलचा नसतोच, प्रेशरचा असतो. म्हणजे चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल इतकं खाली गेलं की पंप हवा ओढायला लागला, तेव्हा तो लागणार, आणि तोपर्यंत बेअरिंग कोरडी घासायला लागलेली असतात. त्यामुळे दिव्याची वाट बघायची नाही. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण एका लिटरचा फरक असतो (तुमच्या मॅन्युअलमध्ये नक्की आकडा असेल तो बघा), तुमची गाडी ३०० किलोमीटरला साडेतीनशे मिली खाते, म्हणजे दर ३०० किलोमीटरला बघून तेवढं भरलं तर लेव्हल कधीच अर्ध्याच्या फार खाली जात नाही. डिकीत एक सीलबंद लिटर, एक छोटं नरसाळं आणि एक फडकं ठेवा. आईला घेऊन निघायच्या आदल्या संध्याकाळी एकदा डिपस्टिक बघा. एवढं नेमानं केलंत तर ऑइल खाल्ल्यामुळे इंजिन रस्त्यात बसेल ही भीती मनातून काढायला हरकत नाही, आजपासूनच.

आता काय करायचं ते. तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिले, पण मोजमाप एकानंही घेतलेलं दिसत नाही, मला सगळ्यात जास्त तेच खटकतंय. इंजिन काम सांगितलं ते कशावरून? कॉम्प्रेशन (सिलेंडर किती दाब धरतो ते) बघितलं का, स्पार्क प्लग काढून बघितले का? तुमच्या पत्रात तसं काही नाहीये, सकाळचा धूर बघितला आणि सांगितलं असं दिसतंय.

धूर फसवतो हो. सकाळच्या धुराचं कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील असतात, हे खरंच आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटी टोपी असते, ती इतक्या वर्षांत उष्णतेनं कडक होते, रात्रभर वरचं ऑइल दांड्यावरून हळूहळू झिरपून खाली जमतं आणि सकाळी स्टार्ट केली की ते भपकन जळतं. पण रात्रभर झिरपून येतं किती, काही थेंब. महिन्याला एक लिटर त्या भपक्यानं संपत नाही. सील खूपच गेलेले असतील तर दिवसभर ट्रॅफिकमध्ये आणि उतारावरही ऑइल खेचलं जातं हे मान्य, तरी साडेआठशेला लिटर हे फक्त सीलच्या माथ्यावर मारायला मला जड जातंय.

मग उरलेलं दिसत का नाही? जरा हिशेब करून बघा. सरासरी ताशी ४५ नं ८५० किलोमीटर म्हणजे १९ तास, इंजिन सरासरी २००० आरपीएमनं फिरतंय धरा, चार सिलेंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन वेळा पेट्रोल पेटतं, म्हणजे एकूण ४५ लाख वेळा. एक लिटर ऑइल म्हणजे साधारण २० हजार थेंब. म्हणजे एका थेंबाचे सव्वादोनशे भाग करा आणि एका पेटण्याला त्यातला एक भाग द्या, एवढंसं ऑइल प्रत्येक वेळी जळतंय. ते डोळ्याला दिसणार कसं, आणि त्यातलंही बरंचसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) पुढे जाळून टाकतो. म्हणून धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं नसतं, आणि धूर दिसतोय तीच जागा मुख्य चोर आहे असंही नसतं.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या आधीच्या गाडीला अगदी तुमच्यासारखाच सकाळचा भपका होता, गॅरेजवाला म्हणाला सील गेले, मी म्हटलं बदला. बदलले. दुसऱ्या दिवशीपासून धूर गायब, मी खूश. आणि पुढच्या हजार किलोमीटरला डिपस्टिक काढली तर ऑइल जवळजवळ पूर्वीइतकंच कमी झालेलं. नंतर कळलं पिस्टनवरच्या ऑइल रिंगा, म्हणजे भिंतीवरचं ऑइल खरवडणारी कडी, कार्बननं जॅम होत्या. सील खराब नव्हते असं नाही, तेही खराबच होते, पण लिटरमधलं शंभर-दीडशे मिली तिथून जात असेल, बाकी सगळं खालून. कामाच्या आधी कुणी मोजलं असतं तर मला निदान काय अपेक्षा ठेवायची ते तरी कळलं असतं.

म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त मोजा. गाडी रोज एकाच जागी, सपाट जमिनीवर उभी करायची, सकाळी स्टार्ट करायच्या आधी डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघायची (काही कंपन्या इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी बघा म्हणतात, जे मॅन्युअलमध्ये असेल ते, पण पद्धत रोज एकच). भरताना अंदाजानं ओतू नका. ऑइलचा कॅन आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, एक लिटर इंजिन ऑइल साधारण ८५० ग्रॅम भरतं, त्यामुळे किती मिली गेलं ते नेमकं कळतं. वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही, जास्त झालं की क्रँक ते घुसळतो आणि फेस होऊन आणखीच जास्त जळतं. फोनमध्ये तारीख, किलोमीटर, ग्रॅम, एवढंच लिहा. आणि जमलं तर दोन वेगळे हिशेब ठेवा, एक नुसत्या गावातल्या ट्रॅफिकचा आणि एक आईला लांब नेता त्या हायवेचा. गावात थांबत-थांबत चालवताना जास्त खात असेल तर संशय सीलवर, सलग मोठ्या स्पीडला जास्त खात असेल तर रिंगांवर. शंभर टक्के नाही, पण दिशा मिळते.

एक चाचणी गाडी चालवताना करता येते, मागे कुणी नसलेला लांब उतार बघा. गिअरमध्येच ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून खाली या, आणि तळाला एकदम दाबा, आरशात बघा. दाबल्या क्षणी निळा भपका आला आणि गेला तर सील. चढावर लोड घेताना सतत निळसर धूर येत राहिला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत. (पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर असेल तर विषयच वेगळा, ते कूलंट, तेव्हा गाडी चालवायची नाही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.)

तुमचा आकडा किती वाईट आहे हेही सांगतो, कारण "थोडं खाणारच जुनी गाडी" हे वाक्य सगळे ऐकवतात. जनरल मोटर्सच्या सर्व्हिस सूचनेत सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास एक क्वार्ट, म्हणजे साडेनऊशे मिली, इथपर्यंत चालवून घेतलंय. टोयोटानं २००० किलोमीटरच्या जरा अलीकडे तेवढ्याच ऑइलची रेघ मारली होती. काही जर्मन कंपन्यांची मॅन्युअल तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत जाऊ देतात. तुम्ही ८५० ला लिटर, म्हणजे यातल्या सगळ्यात सैल नियमाच्याही बाहेर. तेव्हा दुर्लक्ष करायचं नाही, पण घाबरून उद्याच हेडही (सिलेंडरवर बसवलेला इंजिनचा वरचा भाग) उघडायचं नाही.

टोयोटाचं नाव काढलंच आहे तर, तुमच्या इंजिनचा कोड शोधून ठेवा. काही इंजिनांचा हा जन्मजात आजार असतो. टोयोटाचं २.४ लिटरचं २एझेड-एफई इंजिन घ्या, त्यात ऑइल रिंग कार्बननं जॅम व्हायची, आणि कंपनीनं २०११ मध्ये त्यावर सर्व्हिस बुलेटिन काढून बदललेले पिस्टन आणि रिंगा दिल्या. तुमचं इंजिन अशा ओळखीच्या आजारी मंडळींपैकी असेल तर अर्धं निदान तिथेच झालं.

मोजमाप चालू असतानाच एक काम लगेच करून घ्या, पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो, तो परत इंजिनात ओढून जाळायला हा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला की गॅसबरोबर ऑइलची वाफही सरळ इनटेकमध्ये ओढली जाते, आणि बंद अडकला की आत प्रेशर साठतं आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतं. सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाजवळ धरून हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे, चिकट चिकट मौन असेल तर बदला. तुमच्या गाडीत तो टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणात) पडद्यासारखा बसवलेला असेल तर इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण उचलून बघा, झाकण जोरात खेचून धरलंय, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर पडदा फाटलाय. उलट झाकण उडतंय, भकाभक वाफ येतेय, तर त्याला गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, ते रिंगांचं किंवा तुंबलेल्या पीसीव्हीचं लक्षण. त्याचा रबरी पाइपही बघा, आतून फुगून बंद झालेला असतो कधीकधी. सगळ्या यादीत हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा तेवढ्यानंच फरक पडतो, म्हणून नंबर पहिला.

बाहेरची गळतीही एकदा खालून बॅटरी मारून बघून घ्या, थेंब पडत नाही म्हणजे गळत नाही असं नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल गरम सायलेन्सरवर पडत असेल तर ते तिथेच जळतं, जळका वास येतो पण जमिनीवर काही नाही. किंवा खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर साठत असतं.

मग प्लग. चारही काढा आणि ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडा, हे महत्त्वाचं आहे, डब्यात एकत्र टाकले की माहिती गेली. टोकाकडे बघा. कोरडा आणि फिकट तपकिरी म्हणजे ठीक. टोकावर काळा चमकदार ओलसर थर किंवा राखेसारखे पांढरट-तपकिरी खडे धरलेत म्हणजे त्या सिलेंडरमध्ये ऑइल जळतंय. पण टोक स्वच्छ आणि वरचा आट्यांचा भाग ओला असेल तर ते ऑइल वरून प्लगच्या खड्ड्यात उतरलंय, कव्हरचं पॅकिंग गेलंय, जळण्याचा संबंध नाही. चारपैकी एकच प्लग काळा असेल तर एकाच सिलेंडरचा घोळ आहे, चारही सारखे असतील तर सगळीकडे सारखं झिजलंय किंवा सगळीकडे रिंगा जॅम आहेत.

आता गॅरेजमध्ये करायच्या टेस्ट. कॉम्प्रेशन टेस्ट सगळे करतात, पण नीट करायची तर इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली, पेट्रोल आणि कॉइलचं कनेक्शन काढलेलं. चार आकडे लिहून घ्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या सिलेंडरमध्ये काहीतरी आहे. जो कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. लीक-डाउन टेस्ट मिळाली तर आणखी चांगलं, त्यात सिलेंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते बघतात आणि ती कुठून निसटते ते चक्क कानानं ऐकू येतं, ऑइल फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड पॅकिंग. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं की शोध घ्यायचा.

इथेच बऱ्याच चांगल्या मेकॅनिकांचाही पाय घसरतो, म्हणून हे नीट वाचा. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असं नाही. पिस्टनवर तीन रिंगा असतात, वरच्या दोन मुख्यतः कॉम्प्रेशन धरतात आणि सगळ्यात खालची ऑइल रिंग भिंतीवरचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून परत खाली पाठवते. ती रिंग कार्बननं चिकटली, किंवा ती भोकं बुजली, की ऑइल वर राहतं आणि जळतं, आणि वरच्या दोन रिंगा ठणठणीत असल्यामुळे कॉम्प्रेशनचे आकडे नव्या गाडीसारखे येतात. तुमची गाडी पिकअपला ठीक आहे, पत्रात पिकअपची तक्रार नाही, म्हणून मला तुमच्या बाबतीत हाच संशय जास्त वाटतो, कडक झालेले सील अधिक चिकटलेली ऑइल रिंग. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघता येतो, मधे कार्बन आणि कडेनं गोल ओली स्वच्छ पट्टी दिसली तर ऑइल कडेनंच वर येतंय. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर बोअर शाबूत आहे, उभे ओरखडे असतील तर मात्र बोअर गेलाय आणि मग औषधपाण्यानं काही होणार नाही.

जाड ऑइलचं काय ते सांगतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडमध्ये जी सगळ्यात जाड चालते तिथपर्यंत जा, म्हणजे ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० चालेल असं लिहिलं असेल तर बिनधास्त घ्या. जास्त चाललेल्या इंजिनांसाठी वेगळं ऑइल मिळतं, त्यात रबर मऊ करणारे घटक असतात, सीलला थोडा फायदा होतो. पण मॅन्युअलमध्ये नसलेलं २०डब्ल्यू-५० ओतू नका, थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ लावतं आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगसारख्या ऑइलच्या प्रेशरवर चालणाऱ्या गोष्टी त्यानं बिघडतात. आणि नुसत्या जाडीकडे बघू नका, ऑइल उडतं किती हेही बघा. नोअॅक नावाची टेस्ट असते, २५० अंशावर एक तास तापवून किती टक्के उडून गेलं ते मोजतात. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या आयएलसॅक या संस्थेच्या आताच्या ग्रेडला १५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, युरोपातली तशीच संस्था एसीईए, तिच्या बहुतेक ग्रेडना १३ पर्यंत. कंपनीच्या डेटाशीटमध्ये हा आकडा असतो, जितका कमी तितकं बरं. आणि ऑइल खाते, रोज नवीन भरतोच आहोत, मग बदलायचं कशाला, असं बरेच जण करतात, ते अजिबात करू नका. जुनं घाण ऑइलच रिंगांवर आणखी कार्बन धरवतं. बदलायचं अंतर उलट कमी करा, फिल्टरसकट.

धूर बंद करणाऱ्या बाटल्या टाळा, त्या बहुतेक ऑइल घट्ट करतात, बाकी काही नाही. फ्लशचंही (इंजिन आतून धुणारं केमिकल) जपून, आत खूप गाळ असलेल्या इंजिनात तो गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर जातं. ऑइल फिलरमधून आत डोकावून बघा, काळा चिखल दिसला तर फ्लश नकोच, ऑइल लवकर लवकर बदलून हळूहळू साफ होऊ द्या.

रिंगा सोडवायचा एक उपाय मात्र करून बघण्यासारखा आहे, पिस्टन सोक म्हणतात. पुढच्या ऑइल चेंजच्या आदल्या दिवशी इंजिन कोमट असताना प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवून चारही पिस्टन साधारण मध्यावर आणायचे, प्रत्येक सिलेंडरमध्ये ३०-४० मिली कार्बन विरघळवणारं केमिकल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी उरलेलं पिचकारीनं ओढून काढायचं. मग भोकांवर फडकं टाकून, प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्शन काढून स्टार्टर मारायचा. हे प्लग बाहेर ठेवणं विसरलात आणि आत केमिकल साठलेलं असलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून हे माहीत असलेल्या मेकॅनिककडूनच, मोकळ्या हवेत, ठिणगी-आगीपासून लांब. आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कारण केमिकल खाली उतरून ऑइल पातळ झालेलं असतं. नंतर थोडा वेळ भरपूर धूर येईल, घाबरू नका. फरक पडेलच असं मी छातीठोक सांगत नाही, काहींना खूप पडतो, काहींना शून्य. माझ्या त्या गाडीला दोनदा केल्यावर एक लिटर हजार किलोमीटरऐवजी अडीच हजार किलोमीटर पुरायला लागलं, आणि मी ती तशीच पुढे चार वर्षं चालवली.

सील बदलायचे ठरले तर विचारा की हेड न उतरवता करता का. प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये हवेचं प्रेशर धरून व्हॉल्व्ह वरच राहू देतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात, सगळ्या नाही पण बऱ्याच इंजिनांत जमतं. एवढ्यासाठी हेड उतरवा म्हणणाऱ्याला का ते विचारा.

राहता राहिलं इंजिन काम. त्याचा हिशेब तुमच्यासाठी फार सोपा आहे, मेकॅनिकनं दिलेल्या इस्टिमेटला एका लिटर ऑइलच्या किमतीनं भागा. जे उत्तर येईल तेवढे लिटर, आणि तुम्ही महिन्याला एक लिटर घालता, म्हणजे तेवढेच महिने. उत्तर ८० आलं तर साडेसहा वर्षांहून जास्त ऑइल घालत राहिल्याचा खर्च म्हणजे एक इंजिन काम, आणि गाडी तुम्हाला हवीय तीन वर्षं. यात एक गोष्ट धरावी लागते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक त्याच्यावर थर धरून त्याला हळूहळू मारतं, म्हणूनच २००४ मध्ये आयएलसॅकनं जीएफ-४ या ग्रेडपासून फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. तो कधीतरी जाणार, प्रदूषण तपासणीत अडकेल, तो खर्च दुसऱ्या बाजूला मांडा. तरी मला वाटतं तुमचं पारडं इंजिन न उघडण्याकडेच झुकेल.

आणि उघडायचंच ठरलं, म्हणजे बोअरला ओरखडे आहेत, किंवा सगळं करूनही ५०० किलोमीटरच्या आत लिटर जायला लागलं, प्लग काळे पडून मिसिंग होतंय, आणि गाडी पाच-सात वर्षं ठेवायचीय, तर हाफ इंजिन (पिस्टन, रिंगा आणि बोअरचं काम) करा पण नुसत्या रिंगा घालून देतो म्हणणाऱ्याकडे नको. आधी बोअर गेजनं प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजायला सांगा, आकडे कागदावर. गोलाई गेलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसतच नाहीत, सहा महिन्यांत परत पहिले पाढे पंचावन्न. होनिंग, पिस्टनमधली ऑइलची भोकं साफ, रिंगांचं गॅप मोजून, सील नवे, आणि जुने पार्ट तुमच्या हातात. दुसरं वापरलेलं इंजिन टाकायचा पर्याय कुणी देईल, त्याचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर घेतल्याशिवाय हो म्हणू नका, नाहीतर एक आजारी काढून दुसरा आजारी बसवाल.

विकायचा भाऊंचा सल्ला मी वाईट म्हणत नाही, पण विकलीत तर घेणाऱ्याला ऑइलचं स्पष्ट सांगा, त्याच्याही गाडीत कुणाची तरी आई बसणार आहे.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता. या आठवड्यात पीसीव्ही आणि मोजमाप, पंधरा दिवसांनी प्लग आणि कॉम्प्रेशन, बोअर शाबूत दिसला तर सोक आणि चांगलं ऑइल, मग दोन ऑइल चेंजपर्यंत फक्त वजनकाटा आणि वही, सील त्यानंतर, तेही सकाळचा धूर आणि ट्रॅफिकमधलं खाणं तसंच राहिलं तरच. एक लिटर दीड-दोन हजार किलोमीटर पुरायला लागलं की तिथेच थांबायचं आणि टॉप-अप करत तीन वर्षं काढायची. मधे कधी चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर बाजूला घ्या, मिसफायर होतोय. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद, पुढच्या पंपापर्यंतही नाही.

प्लग काढलेत की क्रमानं मांडून फोटो काढा आणि कॉम्प्रेशनच्या चार आकड्यांबरोबर मला पाठवा, इंजिनचा कोडही लिहा. तोवर कुणालाही हेडच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.